उश्या तीनच

घरात उश्या तीनच आहेत.
अभ्रे एक्केचाळीस.
लोकांना वाटतं, म्हाताऱ्याकडं ढीग असंल उश्यांचा.
मी काही बोलत नाही.

एकतीस वर्षं केएमटीच्या वर्कशॉपात सीटा शिवल्या.
हिरवं रेक्झिन, आत काथ्या, वर दुहेरी टीप.
कुणी पेनानं भोक पाडायचं,
कुणी ब्लेडनं बदामात नाव कोरायचं,
मी ठिगळ मारायचो, नाव आत राहायचं.
गंगावेशीपासून कागलपर्यंत
सगळं गाव माझ्या शिलाईवर बसून गेलं,
उठताना कुणी मागं वळून बघितलं नाही.
बघायचं नसतंच. सीट आहे ती.

उशीकडं मात्र माणूस बघतो.

पहिला अभ्रा बेंदराचा.
वडणग्याच्या मेव्हण्यानं थकलेला बैल विकला,
झूल तेवढी राहिली खुंटीवर,
लाल, आरशांची, मधनं उंदरांनी खाल्लेली.
धड भाग कापून आणला.
आमची ही म्हणाली,
बैलाच्या पाठीवरचं पाहुण्याच्या पाठीला?
पण बेंदराच्या संध्याकाळी दिवा लावला,
भिंतभर उजेडाचे तुकडे हलायला लागले,
तेव्हा शेजारच्या शेवंताकाकूंना बोलवायला
हीच पळाली.

मग नादच लागला.
पाडव्याचा, कडुलिंबाच्या कोवळ्या रंगाचा,
लक्ष्मीपुरीतल्या कटपीसचा.
पंचमीच्या अभ्र्यावर नाग भरायला गेलो,
गांडूळ झालं. तसंच ठेवलं.
गौरीच्याला काठ आहे त्या साडीचा,
जिच्यावरनं आम्ही भर दुकानात भांडलो होतो.
जोतिबाचा मूळचा पांढरा.
चैत्रात पोरं डोंगरावरनं आली, तशीच टेकली.
चार पाण्यांत धुतला, गुलाल जाईना.
आता तो गुलाबी आहे.

आत मात्र तोच कापूस.
दोन वर्षांतनं एकदा दस्तगीर नदाफ येतो,
दारात तांत धरतो, टुण्ण टुण्ण,
गल्लीतली मांजरं पळतात,
त्याच्या भुवयांवर पांढरं साचतं.
म्हणतो, मामा, ह्याला भुईचक्राचा वास येतोय.
येतो खरा.

यंदा सूनबाईनं, केतकीनं, पाच उश्या मागवल्या.
खोक्यातनं आल्या, चपट्या,
श्वास काढून घेतलेल्या.
पिशवी फोडली तशा फुगत गेल्या हळूहळू,
मी खुर्ची ओढून बघत बसलो.
सोनेरी पणत्या. चेन लपवलेली. टीप सरळ.
चूक शोधत होतो,
सापडली नाही.

वसुबारसेच्या रात्री, सगळे झोपल्यावर,
एकीची चेन उघडली.
आत फायबर. कशाचाच वास नाही.
बोटं घालून बसून राहिलो,
परक्याच्या घरात शिरल्यासारखा.

"मामंजी, उसवताय?"
दारात केतकी, हातात पाण्याचा तांब्या.
म्हटलं, माप घेतोय.
ती खालीच बसली.
म्हणाली, आमच्याकडं उशी म्हणजे झोपायची,
तेलकट, एकेकाच्या डोक्याची.
सणाची उशी असते हे मला इथं येऊन कळलं.
तुमचं बघूनच मागवल्या.

एवढं ऐकल्यावर काय बोलायचं?
ट्रंक ओढली, बेंदराचा अभ्रा काढला,
तिच्या उशीवर चढवून बघितला.
बसेना.
फायबर कापसासारखं कोपऱ्यात जात नाही,
मधेच गोळा होऊन राहतं, रुसल्यागत.
दोन बोटं ढिला पडला.
ती म्हणाली, असू दे.
मी म्हटलं, असू दे कसं, आणि सुई काढली.
एक वाजला.

तर आमच्या कोचावर यंदा दिवाळीत बैलाची झूल.
पाडव्याला शेवंताकाकू आल्या,
चकली मऊ पडली म्हणाल्या,
अर्धा तास त्या उशीला टेकून बसल्या.
उठताना, बोलता बोलता,
तिकडं न बघताच
दोन्ही हातांनी थापटून
ती सरळ करून ठेवली.